परिशिष्ट ‘अ’ : चेहरा नसलेले एक चित्र

अर्जदार : मधुकर विठ्ठल घोळवे, वय पन्नाशीच्या पुढे, धंदा अर्जनवीस, बैठक तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर पत्र्याच्या छपराखाली, डावीकडून दुसरे टेबल. शिक्षण नववी पास. पुढील सर्व शिक्षण उपरोक्त टेबलावर.

विरुद्ध पक्ष : श्री. कुलथे, चित्रकला शिक्षक, मुलींची शाळा.

साक्षीदार : पहिले शिवअप्पा, झेरॉक्सचे दुकानदार. दुसऱ्या सौ. सुमन, अर्जदाराची पत्नी. ही साक्ष अर्जदाराच्या विरुद्ध जाईल याची अर्जदारास कल्पना आहे.

घटनेचा काळ : चार वर्षांपूर्वीचा भाद्रपद, गणपती उठल्यापासून घट बसेपर्यंतचे दिवस.

घटनेचा विषय : एक चित्र. पाव ताव कागद, पेन्सिल व पाण्याचे रंग. काढणार, अर्जदाराची मुलगी रेणुका, तेव्हा इयत्ता नववी. चित्र सध्या अर्जदाराच्या ताब्यात नाही.

हे आज लिहिण्यास कारण की, तेच दिवस पुन्हा आले आहेत. या दिवसांत आमच्याकडे हवेला दोन अंगे असतात. सकाळी ती ओली असते, दुपारी चटका देते, आणि काढलेल्या सोयाबीनची बारीक तुसे गावभर उडून माझ्या शाईच्या पॅडवर येऊन बसतात. पॅड दिवसातून दोनदा झटकावे लागते. याच दिवसांत चित्रकलेची ग्रेड परीक्षा असते. टेबलासमोरून मुली जातात. एका हातात पुठ्ठा, दुसऱ्या हातात पाण्याचा डबा, त्यात उभे केलेले ब्रश, आणि चालण्यात असा तोरा की जगाला आजवर रंगच नव्हता आणि तो देण्याचे काम शासनाने यांच्याकडे सोपवले आहे. समोरच्या गल्लीत ‘पंधरा दिवसांत चित्रकार’ असा फलक लागला आहे. पंधरा दिवसांत तर सातबाऱ्याचा उतारा हाती येत नाही.

आणि चेहऱ्यांची म्हणाल तर आमच्या गावात टंचाई नाही. चौकाचौकांत फ्लेक्स आहेत. वर पुढाऱ्याचे तोंड परातीएवढे, खाली शुभेच्छुकांची तोंडे तिकिटांसारखी रांगेने चिकटवलेली. ज्याचा आधार कार्डावरचा फोटो त्याच्या बायकोलाही ओळखू येत नाही, तोही वर गॉगल लावून हात जोडतो. कोणी काय काम केले हे त्या फ्लेक्सवर कुठेच नसते. फक्त तोंडे. गाव हेच पाहते आणि यालाच चित्र म्हणते. अशा गावात कलेचे रसग्रहण शिकवायला निघालेल्या माणसाबद्दल मला काय वाटत असेल, हे वाचकांनी ताडावे.

तो माणूस, म्हणजे कुलथे सर, गेल्या सोमवारी माझ्या टेबलापाशी आला. नखांच्या कडांत निळा रंग, सदऱ्याला खिसा एक आणि त्यात पेन्सिली पाच. आमचे चार वर्षे बोलणे नव्हते. ते पक्षकाराच्या बाकड्यावर बसले.

“घोळवे, वेळ हाय का?”

“अर्ज लिहायचा आहे?”

“अर्ज न्हाई. या साली रिटायर होतोय मी. नवरात्रात शाळेच्या हॉलमधी पोरींची चित्रं मांडायलोय, आजवरची. रेणुकाचं ते एक पायजे होतं.”

मी पेनाचे टोपण लावले. “कोणते?”

“तुमाला ठाव हाय कोणतं.” ते माझ्याकडे न पाहता टेबलाच्या कडेकडे पाहत होते, या माणसाला समोरच्याकडे पाहायचेच नसते, कडेकडे पाहायचे असते. “तिला विचारलं मी. ती म्हणली, अण्णांनी फाडलं.”

मी शाईचे पॅड झटकले.

“फाडलं असंल तर फाडलं,” ते उठत म्हणाले. “भिंतीवर जागा सोडून ठिवतो. खाली तिचं नाव लिहितो. मोकळी जागा तर मोकळी.”

रिकाम्या भिंतीखाली नाव लिहिणारा माणूस. अशा माणसाला शासन तीस-पस्तीस वर्षे पगार देते.

परंतु मुद्दा तो नाही. मुद्दा असा की, ते चित्र मी फाडलेले नाही. हे मी कुलथ्यांना सांगितले नाही आणि चार वर्षांत रेणुकालाही सांगितले नाही. बापाने आपले चित्र फाडले असे धरून ती मुलगी चार वर्षे माझ्या ताटात भाकरी वाढते आहे. मी का बोललो नाही, एवढाच या लिखाणाचा मजकूर आहे. बाकी सारे पुरावे आहेत.

त्या वर्षी शाळेने पालकांना बोलावले होते. विषय, चित्र कसे पाहावे. मी गेलो होतो, कारण सभेच्या सूचनेत पालक प्रतिनिधी म्हणून माझे नाव होते. कुलथ्यांनी फळ्यावर एक चित्र टांगले. तिवईवर एक माठ, मागे भिंत. बस्स.

“काय दिसतंय?” त्यांनी विचारले.

“माठ,” पालक म्हणाले.

“अजून?”

मागून धर्मापुरीकडचे एक म्हातारे शेतकरी म्हणाले, “रिकामा हाय.”

“रिकामा कशावरून, काका?”

“भरला असता तर बूड वलं दिसलं असतं की. तिवई कोरडी हाय.”

कुलथे असे खुलले की जणू म्हाताऱ्याने जिल्ह्यात पहिला नंबर काढला. “ह्यांनी चित्र बघितलं,” ते म्हणाले. “बाकीच्यांनी नुसतं माठ हाय का न्हाई ते तपासलं.” बाकीच्यांत मी होतो. एका माठापायी पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, माठाचा गोल कशाने गोल वाटतो, भिंत खरबरीत का वाटते, हे सर्व झाले. एका बाईंनी विचारले, सर, पाणी कधी भरणार. सगळे हसले. कुलथेही हसले. मी हसलो नाही. सभेत हसणे वृत्तान्तात येत नसते.

मला राग याचा होता की, हे लोक ज्याला शास्त्र म्हणून मिरवतात ते मी जन्मभर विनागाजावाजा करीत आलो आहे. मुलींना कुलथे सांगत, रेषा कागदावर नसते, एक वस्तू संपून दुसरी जिथे सुरू होते तिथे ती असते. बांध म्हणजे दुसरे काय? गटाच्या कच्च्या नकाशावर मी ओढलेल्या एका रेषेवरून दोन सख्ख्या भावांनी एकमेकांच्या दारी जाणे सोडल्याचे मी पाहिले आहे. रेषेचे वजन मला फळ्यावर दाखवू नये. छटांचे म्हणाल तर कार्बन कागदाच्या दिवसांत मी एका दाबात चार प्रती काढीत असे. पहिली काळी, साहेबाची. मग करडी, मग राखेसारखी. शेवटची, जी डोळ्यांजवळ नेऊनही धड वाचता येत नसे, ती पक्षकाराची. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा सगळा उतार मी असा शिकलो आहे आणि त्या उतारावर कोण कुठे उभा असतो तेही. पोत म्हणजे वस्तूचे अंग, असे ते सांगत. ज्वारी काढून काढून ज्या बाईच्या अंगठ्यावरच्या रेघा झिजल्या आहेत तिचा अंगठा त्यांनी एकदा पॅडवर दाबून कागदावर घ्यावा. नुसता जांभळा ठिपका उमटतो. कारकून म्हणतो, पुन्हा घ्या. पुन्हाही ठिपकाच. अंगठ्याचा पोत गेला की माणूस कागदोपत्री कोण राहतो, याचे रसग्रहण कोणत्या पुस्तकात आहे ते मला दाखवावे.

रंगांबाबत तर बोलूच नये. पोळ्याला बैलांच्या शिंगांना वारनिस लावताना निळ्याशेजारी पिवळा का उठून दिसतो हे आमच्याकडे लहानसहान पोरालाही ठाऊक असते. आणि साहेबाचा हिरव्या शाईचा शेरा निळ्या शाईच्या हजार शब्दांना कसा झोपवतो, हे मला.

रेणुकाने त्या दिवसांत रंगवलेली सगळी पाने अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. त्या दमट दिवसांत रंग लवकर वाळत नसत. रेणुका ओसरीवर कागद मांडून त्यांच्या चार कोपऱ्यांना चार खडे ठेवी, आणि सुमन झाडू हातात घेऊन उभी राही, कारण झाडता येत नसे. पितृपक्षातले दिवस, कोणाच्या तरी घरी रोज पान वाढलेले, कावळे पत्र्यावर. एकदा कावळा ओल्या रंगावरून चालत गेला. मी कागद फेकायला उचलला तर पोरगी म्हणाली, “राहू द्या अण्णा, बरं दिसायलंय.” कावळ्याच्या पायांना बरे म्हणायला तिला कोणी शिकवले, हे सांगायला नको.

मग ती धर्मापुरीची सहल. परीक्षेला बसणाऱ्या मुलींना कुलथे जुने देऊळ दाखवायला घेऊन गेले, आणि सोबत एक जबाबदार पालक हवा म्हणून मी. मला वाटले, मुली चित्रे काढतील. त्यांनी पेन्सिलीच पिशवीत ठेवायला लावल्या. अर्धा तास नुसते पाहायचे. भाद्रपदाच्या उन्हात दगडाच्या भिंतीपुढे पंचवीस मुली बसल्या आहेत आणि काहीही करीत नाहीत. असे दृश्य मी केवळ उपोषणात पाहिले आहे.

भिंतीवर एक दगडाची बाई होती. एक हात उचललेला, त्यात काहीतरी धरलेले. कुलथे म्हणाले, लिहिते आहे. तिचा चेहरा पार झिजून गेला होता, नाक नाही, डोळे नाहीत, उन्हापावसाने पुसलेला गुळगुळीत दगड.

“ही कुठं बघतीय?” कुलथ्यांनी विचारले.

मुलींनी माना तिच्यासारख्या वळवल्या. “हातातल्या कागदाकडं,” रेणुका म्हणाली.

“डोळे न्हाईत की तिला.”

“मान हाय की सर. खांदा हाय.”

कुलथ्यांनी मान डोलावली आणि मग, काय सुचले कोण जाणे, माझ्याकडे वळले. “घोळवे, तुमाला काय दिसतंय?”

मी खरे तेच सांगितले. “वरच्या थरात भेग आहे. पावसाचे पाणी आत जाते. योग्य त्या खात्याकडे अर्ज केला पाहिजे.”

मुली हसल्या. रेणुका हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती, आणि कसे ते मला तेव्हा कळले नाही. ती चेहऱ्याकडे पाहत नव्हती. ती माझ्या खांद्याकडे, मानेकडे, खिशाला लावलेल्या पेनाकडे पाहत होती, जसे मघापासून त्या दगडाकडे पाहत होती.

चार दिवसांनी शाळेच्या भिंतीवर तिचे चित्र लागले. मला ते पहिल्यांदा दिसले नाही, ऐकू आले. शेजारच्या टेबलावरचा स्टँपवाला म्हणाला, “का बे मधू, तुझं तोंड जप्त झालं म्हनं?” शिवअप्पाने दुकानातूनच विचारले, “वकीलसाहेब, तोंड कुठं ठिवून आलाव?” मी जाऊन पाहिले.

कचेरीसमोरचे पत्र्याचे छप्पर. पुढे चार पक्षकार, सगळे पाठमोरे. एकाचा पटका, एकीचा डोक्यावरचा पदर, वाकलेल्या पाठी. पलीकडे टेबल आणि टेबलामागे मी. खिशाचे पेन होते. चष्म्याची दोरी होती. हात तर असे काढले होते की उजव्या मधल्या बोटावरचा शाईचा डागही सुटला नव्हता, आणि डाव्या हाताने कागद कसा दाबून धरला आहे ते पाहून वाऱ्याची दिशा सांगता आली असती. आणि मानेवर, जिथे मी असायला हवा, तिथे कोरा कागद. रंग नाही, रेघ नाही. भोवतीचे सगळे रंगवून ती एवढी जागा सोडून दिलेली.

गावात प्रत्येक टपोऱ्याला फ्लेक्सवर तोंड आहे आणि मला माझ्या मुलीच्या कागदावर नाही.

घरी आलो तेव्हा ती मोरीपाशी ब्रश धूत होती.

“तोंड कावून न्हाई काढलं?” मी विचारले. रागात माझीही भाषा टेबलावरून खाली उतरते.

“तसंच बरं वाटलं.”

“हात बरे जमले. तोंडच जमंना?”

“जमलं असतं अण्णा. पन तोंड काढलं की सगळे तोंडच बघतेत. तुमी काय करताव ते कुनी बघत न्हाई.”

“लोक हसायलेत.”

तिने ब्रश झटकला. “तुमीच सांगताव ना, कागदाची एक बाजू साहेबासाठी सोडायची, तिथं आपन लिहायचं न्हाई. म्या सोडली.”

इथे वाचकांसाठी खुलासा आवश्यक आहे. अर्जाच्या कागदावर डाव्या हाताला पाव भाग कोरा सोडतात. तो समास. त्यात साहेब शेरा मारतो. समासात एक अक्षर जरी गेले तरी अर्ज कच्चा समजावा, हे मी रेणुकाला ती पहिलीत असताना शिकवले होते. टेबलाखाली बसून ती माझ्या कोऱ्या कागदांना दुमडून समासाची घडी घालून देई. म्हणजे माझाच धडा तिने मला परत दिला होता. मी तो उद्धटपणा समजलो. दिवेलागणीच्या आत तक्रार लिहून तयार झाली. तीस वर्षांतला माझा सर्वांत बांधेसूद मसुदा. “सदर शिक्षकाने अज्ञान विद्यार्थिनीस जन्मदात्याचा चेहरा वगळून चित्र काढण्याची प्रवृत्ती लावून, कलेच्या नावाखाली अर्जदाराची गावात मानहानी घडवून आणली असे.” पुढे चार मुद्दे, आणि शेवटी, “पुराव्यादाखल सदर चित्र परिशिष्ट ‘अ’ म्हणून सोबत जोडले आहे.” दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी शाळेच्या भिंतीवरून चित्र काढून घेतले. शिपाई काही बोलला नाही. माझ्याशी शिपाई सहसा बोलत नाहीत.

आता जे लिहायचे आहे त्यासाठी मला दोनदा पेन खाली ठेवावे लागले.

माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक माणसाला मी एक गोष्ट प्रथम सांगतो. मूळ कागद जोडायचा नाही. नक्कल जोडायची, मूळ घरी पेटीत ठेवायचे. कचेरीत गेलेला मूळ कागद परत येत नाही. ज्याने ऐकले नाही त्याला मी पुढची कितीतरी वर्षे चारचौघांत नावे ठेवली आहेत. तळहाताएवढ्या जमिनीचे मूळ खरेदीखत जोडून बसलेल्या एका म्हाताऱ्याला मी याच बाकड्यावर ‘अडाणी’ म्हटले आहे, आणि त्याच्या देखत हसलो आहे.

मी नक्कल काढायला शिवअप्पाकडे गेलो. त्याच्या यंत्राची काच दिवसेंदिवस मळत गेलेली. नक्कल बाहेर आली. शिवअप्पाने ती उजेडात धरली आणि त्याला हसू आवरेना.

“बघा, वकीलसाहेब. तुमच्या पोरीला जमलं न्हाई ते मशीननं केलं.”

कोऱ्या जागेवर काचेचे काळे डाग उमटले होते. दोन वर, एक खाली आडवा. दोन डोळे आणि मिशी. पुन्हा काढली, मिशी थोडी सरकली. तिसऱ्यांदा काढली, एक डोळा गेला.

“आता तोंड आलंय तर तक्रार कशाची करताव?” शिवअप्पा म्हणाला. “लई गोड दिसायलाव.”

नक्कल जोडली तर तक्रारीतला दमच जात होता. पुराव्यातला गुन्हाच यंत्राने पुसला होता. म्हणून मी, मधुकर विठ्ठल घोळवे, जाणूनबुजून, शुद्धीवर असताना, मूळ चित्र जोडले. इतकेच नव्हे, साहेबाची नजर आधी तिथेच जावी म्हणून ते अर्जाच्या वर ठेवले.

जिल्ह्याच्या गावी, ज्या कचेरीचे नाव येथे लिहिण्याचे कारण नाही, तिथे आवक टेबलावर एक कारकून होता. त्याने कागद ओढला. वाचला नाही, चित्र वाचायचे असते हे त्याला कोणी सांगितले नव्हते. शिक्का पॅडवर दाबला आणि कागदावर मोकळी जागा शोधू लागला. चारही बाजूंना रंग होता. छप्पर, पाठी, टेबल, माझे हात, सगळीकडे रंग. त्याचा हात क्षणभर वर अधांतरी फिरला आणि मग जिथे कोरे दिसले तिथे बसला.

तो आवाज मी आयुष्यभर ऐकला आहे. त्या दिवशी पहिल्यांदा दचकलो. कारकुनाने शिक्का उचलला तेव्हा माझ्या मानेवर जांभळा चौकोन होता. वर कचेरीचे नाव, मधे ‘आवक’, खाली क्रमांकाची रेघ आणि सहीची रेघ. चेहऱ्याएवढा. जागेत नेमका मावलेला.

“पोच घ्या,” तो म्हणाला.

मी पोच घेतली. बसस्थानकावर तासभर बसलो. रेणुकाने साहेबासाठी जागा सोडली होती आणि साहेबाने ती भरली होती. चित्र तिथे पुरे झाले, असे मला वाटले. आणि असे वाटले म्हणून मला कुलथ्यांचा अधिकच राग आला.

घरी रेणुकाने विचारले, “अण्णा, भिंतीवरचं माझं चित्र कुठंय?”

मी म्हणालो, “त्याचा निकाल लागला.”

ती माझ्या हातांकडे पाहत राहिली. मग आत गेली. तिने काय समजायचे ते समजले, आणि मी ते समजू दिले. कारण फाडणारा बाप कडक ठरतो. मूळ कागद जोडणारा अर्जनवीस अडाणी ठरतो. मला कडक म्हणवून घेणे परवडत होते.

परीक्षेच्या दिवशी बरोबरच्या मुली दारावरून गेल्या, डबे वाजवीत. रेणुका सुपात ज्वारी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. “जायचं न्हाई का?” सुमनने विचारले. “न्हाई,” ती म्हणाली. सूप हलत होते आणि खडे एका बाजूला येत होते. तिने ते ओसरीच्या कडेला रांगेने ठेवले. असेच, जरा मोठे खडे ती कागदांच्या कोपऱ्यांवर ठेवी. महिनाभराने रंगाची पेटी शेजारच्या मुलीकडे गेली. त्यानंतर तिने चित्र काढलेले मी पाहिलेले नाही. आता ती कॉलेज करता करता समोरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसते आणि लोकांचे अर्ज टाइप करते. तिथे समास यंत्र आपोआप सोडते.

कुलथ्यांकडून खुलासा मागवण्यात आला. त्यांनी दिलेल्या खुलाशाची प्रत माझ्याकडे आहे. एकच ओळ. “चित्र चांगले आहे.” तारीख नाही, संदर्भ नाही, ‘आपला विश्वासू’ नाही. इतका गचाळ कागद मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याला उत्तर काय द्यावे हे मला अजून सुचलेले नाही. प्रकरण दप्तरी दाखल झाले, चित्रासह.

मूळ परत मिळावे म्हणून मी आजवर पाच अर्ज दिले. घरी न सांगता. दर खेपेस उत्तर, शोध घेऊन कळविण्यात येईल. एकदा स्वतः आत जाऊन पाहिले. लाल फडक्यांत बांधलेले गठ्ठे छताला टेकलेले, तळातल्या गठ्ठ्यांना ओल. पाण्याचे रंग ओलीत काय होतात ते मी ओसरीवर पाहिलेले आहे. शिक्क्याची शाई टिकते. म्हणजे कदाचित आता त्या कागदावर छप्पर नसेल, पाठी नसतील, हात नसतील, फक्त तो चौकोन असेल. या विचाराने मी कचेरीच्या पायरीवर पाणी मागून प्यालो.

सोमवारी कुलथे गेल्यावर मी सुमनला सगळे सांगितले. ती भाजी निवडीत होती. ऐकून घेतले, मग म्हणाली, “सगळ्या तालुक्याचं गाऱ्हानं लिहिताव तुमी. घरातलं एक वाक्य लिहायला चार वर्सं?”

मी म्हणालो, प्रकरण गुंतागुंतीचे आहे.

“काय गुंता हाय? फाडलं न्हाई, हरवलं. दोन शब्द.”

या बाईला मसुद्याचे अंग नाही.

माझे मत बदलले असे मात्र कोणी समजू नये. कुलथे आजही मला वेळखाऊ माणूस वाटतात. माठाला पाऊण तास देणे मला आजही पटत नाही. एवढेच की, परवा एक बाई अर्ज लिहून घ्यायला आली आणि मी नाव विचारण्याआधी तिच्या हातांकडे पाहिले. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली, डावा अंगठा आत मुडपलेला. पाहताच कळले की ती तक्रार करायला आलेली नाही, कोणीतरी पाठवले आहे. विचारले तर तसेच निघाले. अर्ज लिहिला नाही, तिला परत पाठवले. शेजारचा स्टँपवाला म्हणाला, आलेलं गिऱ्हाईक घालवलं बे. आणि संध्याकाळी छपराखालून समोरच्या दुकानाकडे पाहतो, तर काचेमागे कॉम्प्युटरच्या पडद्याच्या उजेडात रेणुका बसलेली असते. काचेवर रस्त्याचे सगळे प्रतिबिंब पडलेले असते, रिक्षा, फ्लेक्स, माझे टेबल, आणि त्यामुळे तिचा चेहरा दिसत नाही. तरी ती कुठे पाहते आहे ते कळते. मान आहे. खांदा आहे. हे मला कोणी शिकवले असे मी कबूल करणार नाही.

सबब विनंती अशी की, संबंधित कचेरीने परिशिष्ट ‘अ’ घट बसण्यापूर्वी अर्जदारास परत द्यावे. ते ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत द्यावे. रंग ओघळले असल्यास तसेच द्यावे. आवक शिक्का खोडू अगर खरवडू नये. तो आता चित्राचा भाग आहे आणि त्याबाबत अर्जदाराची तक्रार नाही. कुलथे सरांविरुद्धचा मूळ अर्ज अर्जदार या लेखान्वये मागे घेत आहे, त्यांच्या खुलाशाच्या लेखनपद्धतीवरील आक्षेप राखून ठेवून. चित्र न मिळाल्यास भिंतीवरील मोकळी जागा तशीच ठेवण्यास अर्जदाराची हरकत नाही.

मूळ चित्र आपण फाडले नसून, नक्कल न जोडता मूळ जोडून आपल्या हाताने गमावले आहे, हे अर्जदार येथे लिहून देत आहे.

या मजकुराची एक प्रत कु. रेणुका मधुकर घोळवे हिस माहितीसाठी व उत्तरासाठी दिली आहे. ती टाइप केलेली नाही, हाताने लिहिली आहे. घडी घालून डावीकडे समास सोडला आहे, पाव नव्हे, अर्धा कागद. त्यात तिने शेरा लिहावा, चित्र काढावे, अगर ती जागा तशीच ठेवावी. अर्जदार समोरच्या टेबलावर, डावीकडून दुसऱ्या, कामाच्या सर्व वेळात हजर आहे.